कबरवाल्याची राख

माझ्या पप्पांनी जन्मभर लोकांच्या कबरी खोदल्या, आणि स्वतःची वेळ जवळ आली तेव्हा म्हणाले, मला जाळा. आता बोला.

आमचं घर म्हणजे चर्चच्या कबरस्तानाच्या फाटकाला चिकटलेल्या दोन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी थेट कबरींवर उघडते. शाळेतल्या मैत्रिणी आमच्याकडे यायला घाबरायच्या आणि मला त्यांच्याकडे जायचा कंटाळा यायचा, कारण तिथे जिवंत माणसं फार गोंगाट करायची. आमच्या दाराशी फावडी, टिकाव, दोरखंडाचं वेटोळं आणि चिखलाने माखलेले बूट. त्या बुटांवरून आत्याची आणि पप्पांची रोज जुंपायची. ती म्हणायची, "कबरस्तान बाहेर आहे ना, मग घरात कशाला आणतोस?" ते बूट काढून हातात धरायचे आणि चोरासारखे आत यायचे.

आत्या पप्पांची थोरली बहीण. त्यांची आई गेली तेव्हा ती स्वतः परकरी पोर होती आणि पप्पा पाळण्यात. तिनेच त्यांना वाढवलं. त्यांचं लग्न लावून दिल्यावर ती आता स्वतःचं काही बघणार, तर माझी आई मला मागे ठेवून गेली. मग आत्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, ह्या खेपेला माझ्यावर. लग्न राहिलं ते राहिलंच. चर्चमधली वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करायचं काम तिच्याकडे होतं, आणि झोपायला स्वयंपाकघरातली घडीची खाट. तिच्या नावावर म्हणावं असं ह्या जगात काही नव्हतं, आणि तिने कधी कुरकुरही केली नाही. कुरकूर बाकी सगळ्या गोष्टींवर करायची. तो स्वभाव माझ्यातही उतरलाय, असं लोक म्हणतात. मी शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम करते. दिवसभर पोरांच्या आयांशी हुज्जत घालून कोणाची जीभ मऊ राहील?

तर पप्पांचं. त्यांचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी खोदकाम बंद केलं होतं. एका दुपारी आत्या चर्चमध्ये गेलेली, हे दारात बसून फावड्याच्या दांड्याला तेल लावत होते. काम सुटलं तरी तेल लावणं सुटलं नव्हतं. मान वर न करता म्हणाले, "मी गेलो की मला भट्टीत घाला."

मला वाटलं, औषध डोक्यात गेलं. "पप्पा, काहीतरीच काय बोलता?"

"ऐक तर. आपल्या घरची कबर एकच. खाली तुझी आई आहे. वर एकाची जागा आहे. एकाचीच. त्या जागेत मी गेलो, तर ताईला कुठे नेशील?"

इतकी वर्षं त्या खिडकीतून ती कबर बघत मी चहा प्यायले, पण हा हिशेब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. आमच्या कबरस्तानात नवीन जागा देणं केव्हाच बंद झालंय. ज्यांची घरची कबर नाही त्यांना गावाबाहेरच्या नव्या जागेत नेतात. तिथे माणूस कायमचा राहत नाही. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढतात, सगळ्यांची मिळून एका मोठ्या खड्ड्यात ठेवतात, आणि मोकळ्या जागेत दुसऱ्याला. पप्पांनी ते कामही केलेलं. आत्या एकदा तिथे त्यांचा जेवणाचा डबा घेऊन गेली होती. खड्डा उघडा होता. ती डबा तसाच हातात घेऊन परत आली. संध्याकाळी पप्पांना म्हणाली, "शेवटच्या दिवशी कोणाचं काय, हे कसं कळायचं?" ते म्हणाले, "देवाला कळेल." तर म्हणते, "देवाला कळेल रे. मला कळायला नको?"

"राखेची पेटी एवढीशी असते," पप्पा म्हणाले. "कबरीच्या दगडाच्या बुडाशी बसते. फादरना नियम विचारून ठेवलाय, का विचारतोय ते नाही सांगितलं. राख माणसांत मोजत नाहीत. वरची जागा ताईला राहते."

"मग तिला सांगा ना."

"सांगितलं की संपलं. ती म्हणेल, तू जा बायकोजवळ, मी जाते खड्ड्यात. मग बिशप आले तरी ऐकायची नाही. म्हणून सांगतो, माझी राख होईपर्यंत तिला बोलायचं नाही. झाली की बोल. राखेचा परत माणूस करून तर ती पुरणार नाही."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तरी ही धोंड बांधायला ह्यांना माझाच गळा सापडला. पण मी हो म्हटलं. त्यांच्या पायाशी बसले आणि थोडा वेळ दोघंही त्या दांड्याला तेल लावत बसलो. माझा बाप मला फार आवडायचा, हे इथेच सांगून टाकते.

ते गेले ते खुर्चीत बसल्या बसल्या, दुपारच्या चहाआधी. आत्याने आरडाओरड केली नाही. बाह्या वर केल्या, पाणी गरम केलं, त्यांचं तोंड पुसलं, हात पुसले. नखांत जन्माची माती होती. मी ब्रशने घासायला लागले तर म्हणाली, "राहू दे. तिथेच जायचंय." मेणबत्ती लावली, बोटांत जपमाळ गुंफायला घेतली आणि दारात उभ्या ओळंब्याला म्हणाली, "उद्या सकाळी कबर उघडा."

ओळंबा म्हणजे पप्पांचा जोडीदार. दोघं मिळून खोदायचे. हा प्रत्येक कबरीच्या भिंतीला ओळंबा लावून बघायचा, म्हणून हे नाव. मेलेल्याला काय फरक पडतो, असं कोणी म्हटलं तर म्हणायचा, "मला पडतो." तो मान हलवून निघाला, आणि मला बोलावं लागलं.

"काका, थांबा. आत्या, कबर नाही उघडायची. पप्पांनी सांगितलंय, दहन करायचं."

तिची बोटं जपमाळेवर थांबली. "कोणाचं?"

"त्यांचं."

"डोकं फिरलं होतं का त्याचं?" तिने भावाकडे पाहिलं, जणू तो आता उठून उत्तर देईल. "ह्याने गावातल्या एकूण एक माणसाला पूर्वेकडे पाय करून निजवलं. तुतारी वाजली की उठावं आणि समोर प्रभू दिसावा म्हणून. आणि हा कशाने उठणार? धुराने?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. ओळंबा पायरीवर मटकन बसला. "माझ्या हातची कबर नको म्हणाला?" त्याने विचारलं. "मला?" आता दोन माणसांपुढे तोंडाला कुलूप लावून बसायचं होतं. मी भांडी घासायला घेतली. आधीच घासलेली होती, पण घेतली.

मग घरात सगळ्यांची मतं यायला लागली. फादर आले. तरुण आहेत, हळू बोलतात. म्हणाले, "चर्चला दफन जास्त प्रिय आहे, पण दहनाला मनाई नाही. फक्त राख उधळायची नाही, घरात ठेवायची नाही, एका पवित्र जागी सगळी एकत्र पुरायची. देवाने मातीतून माणूस केला, त्याला राखेतून करणं जड आहे का?" आत्या म्हणाली, "फादर, तुम्ही चहा घ्या." आमच्या घरात ह्याचा अर्थ विषय संपला असा होतो.

चुलतकाका आले. ते दुसऱ्या पंथाचे. त्यांच्यात मेणबत्त्या नाहीत, फुलं नाहीत, गेलेल्यासाठी प्रार्थनाही नाही. माणसाने जे काय करायचं ते जिवंतपणी, नंतर सगळं देवाच्या हातात, असं त्यांचं म्हणणं. "जाळा नाहीतर पुरा, काय फरक आहे?" ते म्हणाले. "आत्मा गेला. मागे राहतं ते उतरवलेल्या कपड्यासारखं."

"तुमच्यात उतरवलेल्या कपड्यांना घडीसुद्धा घालत नसतील," आत्या म्हणाली. चुलतकाका आपल्या विरुद्ध पक्षात आहेत ह्याचा तिला जास्तच राग आला होता. त्यांच्याशी तिचं कुठल्याच गोष्टीवर पटलेलं नव्हतं, पण निदान पुरण्यावर तरी दोघांचं एकमत असेल असं तिने धरलं होतं.

शेवटी ती माझ्याकडे वळली. "चर्चमध्ये मिस्सेला, प्रार्थनेला, मी येईन. पुढे नाही. जाळायला येणार नाही, आणि ती राख पुरायला तर मुळीच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याला मी वाढवलं. तुला मी वाढवलं. दोघांनी मिळून मला हे दाखवलंत."

हे मात्र लागलं मला. सगळं ओठांपर्यंत आलं. एक वाक्य बोलले असते तर तिचा राग तिथेच उतरला असता, आणि पप्पांचं सगळं केलेलं पाण्यात गेलं असतं. माझ्यासाठी तिने काय केलं नव्हतं? तापात उशाशी बसली, शाळेत माझ्या वतीने भांडली, मशीन घ्यायला स्वतःच्या कानातलं काढून दिलं. आणि तिच्या तोंडून हे ऐकून मला मुकाट बसायचं होतं. तिला जन्मात एकदा काहीतरी मिळायचं होतं, आणि ते माझ्या जिभेवर अवलंबून होतं. मी तोंड दाबून बाहेर गेले आणि उगाच फाटकाची कडी ओढून बघितली.

मिस्सेला चर्च भरलं. एवढी माणसं येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बेकरीवाला आला, औषधांचा दुकानवाला आला, शाळेच्या जुन्या बाई काठी टेकत आल्या. प्रत्येकाला आत्याचा हात धरून काहीतरी सांगायचं होतं. बेकरीवाला म्हणाला, "माझ्या आईची पेटी सोडताना दोर एवढा हळू सोडला त्याने की आवाज आला नाही." बाई म्हणाल्या, "आमच्या लेकराच्या कबरीत त्याने आधी तळाला ओला पाला अंथरला होता. कोणी सांगितलं नव्हतं हो." पप्पांनी ह्यातलं एक अक्षर घरी कधी सांगितलं नव्हतं. घरी यायचे, बूट हातात धरून, आणि जेवायला काय आहे विचारायचे. मी तिथे बाकावर बसून देवाचे आभार मानले की मला हा बाप मिळाला. आत्या प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी मान वळवून माझ्याकडे बघत होती. असल्या माणसाला तू जाळायला निघालीस, हे ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

पेटी गाडीत चढली आणि ती घराकडे वळली.

विद्युतदाहिनीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पाण्याचं पिंप होतं आणि भिंतीवर धूम्रपान मनाई आहे अशी पाटी. चुलतकाका ती वाचून हसले आणि मग लाजले. ओळंबा हात मांड्यांत दाबून बसला होता. त्याला बसून राहायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी परत गेले तेव्हा तिथल्या माणसाने खिडकीतून लाकडी पेटी पुढे केली. गणवेशाची बटणं येतात त्या खोक्यापेक्षा थोडी मोठी. मी तिला छातीशी धरून घरी आणली.

आत्या इस्त्री करत होती. मी पेटी टेबलावर ठेवली. तिने पाहिलं नाही.

"आत्या, आता मला बोलायची परवानगी आहे," मी म्हटलं, आणि दोन दिवस कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. कबर, खाली आई, वर एकाची जागा, राख माणसांत मोजत नाहीत. मधेच रडले, मधेच तिच्यावर ओरडलेसुद्धा. "मला काय हौस होती का त्यांना जाळायची?"

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. खाटेवर बसली. "वरची जागा?" तिने विचारलं.

"हो."

"माझी?"

"तुझी. कोणी उघडणार नाही, कोणी हलवणार नाही."

तिने टेबलावरच्या पेटीकडे पाहिलं. "गाढव आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून असाच. माझ्या ताटात ढकलायचा आणि सांगायचा, माझं पोट भरलं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

मग ती रडली. मी तिला रडताना फारशी कधी बघितलेली नाही, त्यामुळे काय करायचं ते मला समजेना. मी खाटेवर तिच्या शेजारी बसले, तिचा हात धरला. "मला फार भीती वाटायची गं त्या खड्ड्याची," ती म्हणाली. "कोणाला सांगायची लाज वाटायची. म्हातारी झाले, चर्चचं काम करते, आणि हाडांना घाबरते. ह्याला कसं कळलं?"

"बहीण आहेस त्यांची."

तिने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि लगेच मूळ पदावर आली. "पण जाळलं ते जाळलं. ते मला पटलेलं नाही. जागा दिली म्हणून मी माझं मत देऊन टाकू का?"

"नको देऊस. पण उद्या येशील का?"

ती उठली, इस्त्री परत लावली. तिने एकदा शब्द उच्चारला की तो मागे घेत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. ती आली नसती तर पप्पांचं काम झालं असतं, पण अर्धंच. ती जागा तिने मनातून घेतलीच नसती.

सकाळी खांदेकरी आले. आमच्या चर्चच्या मंडळाचे सहा जण ठरलेले असतात, पांढरे हातमोजे, काळे कोट, पुढे औषधांचा दुकानवाला. हे सहाच्या सहा रीतीप्रमाणे हजर झाले, तिरडीसारखी दांड्यांची चौकट घेऊन. पेटी केवढी आहे हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. फाटकाशी उभे राहून सहा जण त्या एवढ्याशा पेटीकडे बघत राहिले.

"एकाने न्यायची का?" कोणीतरी म्हणालं.

"एकाने कशी? मान सहांचा आहे."

मग त्यांनी ती चौकटीच्या मधोमध ठेवली आणि खांद्यावर घेतली. उतार लागताच पेटी पुढे घसरली. मागच्यांनी चौकट खाली केली तर ती मागे घसरली. थांबले. पाय पुढे करून न्यायचं असतं, तेव्हा राखेचे पाय कुठल्या बाजूला धरायचे, ह्यावर दोघांची कुजबूज सुरू झाली. फादर पुस्तकाची पानं उलटत होते. त्यात प्रार्थना होत्या, उचलायचं कसं ते नव्हतं. चुलतकाका म्हणाले, "कपड्याची घडी आहे, कशीही न्या," आणि ओळंबा त्यांच्यावर डोळे वटारून उभा राहिला. माझं टाळकं सरकत चाललं होतं. माझ्या बापाची हौसेने फरफट चालली होती, आणि मी "द्या इकडे" म्हणणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"खाली ठेवा."

आत्या. चर्चचे कपडे, काळे बूट, हातात काही नाही. खांदेकऱ्यांनी चौकट खाली ठेवली. तिने वाकून पेटी उचलली. फादर पुढे झाले आणि पेटी दोन्ही हातांवर, समोर कशी धरायची ते खुणेने दाखवायला लागले. तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. पेटी डाव्या कडेवर घेतली, हाताने नीट बसवली, एकदा जराशी वर सरकवली, आणि चालायला लागली. तिच्या मागे फादर, मग मी आणि बाकीचे, आणि शेवटी सहा माणसं, पांढरे हातमोजे घालून, रिकाम्या हातांनी.

वाटेत ती कुठेही थांबली नाही. मी एकदा म्हटलं, "जड होतंय का, देतेस का?" तर मान हलवली.

दगडाच्या बुडाशी ओळंब्याने छोटा खड्डा करून ठेवला होता, चारही कडा सरळ. कालच मी त्यालाही सगळं सांगितलं होतं, तेव्हापासून त्याचे डोळे लाल होते. फादरनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. मग ओळंबा गुडघ्यांवर बसला आणि पेटी घ्यायला हात पुढे केले.

आत्याने दिली नाही. ती माझ्याकडे वळली. "मोठ्या पेटीत असता तर ह्या सहा जणांनी नेला असता," ती म्हणाली. "मला कोणी हात लावू दिला नसता. मी मागून चालले असते."

"माझ्या कडेवरून उतरतच नव्हता हा. चांगला चालायला लागला होता तरी." तिने पेटीकडे पाहिलं. "उपकार केलेस रे बाळा."

फादरनी पुस्तक मिटलं. मग हळूच विचारलं, "ठेवू या का?"

"थांबा जरा, फादर," आत्या म्हणाली. "एवढी काय घाई आहे?"

मग आम्ही सगळे थांबलो.